तीन सेलच्या जुन्या टॉर्चमध्ये रिचार्जेबल सेल टाकायचे तर बल्ब कुठला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. काकांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेहून आणलेली तीन डी सेलची (ते मोठे जाड सेल) मॅगलाइट टॉर्च घरात पडून आहे, रात्रीची थ्री फेज आली की मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं, सारखे मोठे सेल विकत घेऊन वैताग आलाय. तर १.२ व्होल्टचे रिचार्जेबल टाकले तर उजेड कमी पडेल का, की ते ऑनलाइन मिळणारे ९९०० एमएएचचे (एमएएच म्हणजे सेलमध्ये साठा किती) १८६५० लिथियम सेल टाकून वर जास्त पावरचा बल्ब लावावा. आणि शेवटी विचारलंय की सगळ्यात भारी बॅटरी कुठली.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण घोळ तिथेच आहे. भारी बॅटरी अशी काही नसते, कुठल्या बल्बला हा प्रश्न आधी. मी गेली अठराएक वर्षं टॉर्च, हेडलॅम्प, ड्रिल मशीनचे पॅक असलं दुरुस्त करतोय आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच टॉर्च बिघडलेल्या नसतातच, कुणीतरी चांगला सेल आणि चांगला बल्ब आणून भलत्याच जोडीत बसवलेले असतात. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात त्यामुळे अजून गोंधळ, म्हणून मी इथे अख्ख्या वस्तूला टॉर्च म्हणतो आणि आतल्याला सेल.)

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. बांधाच्या पलीकडे कोण उभंय ते बघायचंय की पायाखालचं बघायचंय, रात्रीत किती वेळ चालू राहते, आणि मुख्य म्हणजे काकांची टॉर्च जपायचीय की फक्त उजेड हवाय. तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की दोन्ही हवंय, तसं धरून लिहितो.

आधी १.२ व्होल्टची भीती. जुन्या टॉर्चचे ते खाली गोल पत्र्याची कड असलेले बल्ब असतात ना, त्यांचे नंबर ठरलेले आहेत. दोन सेलचा पीआर२, त्यावर २.३८ व्होल्ट. तीन सेलचा पीआर३, ३.५७ व्होल्ट. चार सेलचा पीआर१३, ४.७५. पाच सेलचा पीआर१२, ५.९५. चारही अर्ध्या अँपिअरचे. आता प्रत्येकाला सेलच्या संख्येने भागून बघा, सगळीकडे १.१९ येतं. म्हणजे बल्ब बनवणाऱ्याने १.५ कधी धरलेलंच नाही, त्याला माहीत होतं की साधा सेल नुसता मोजला तर दीड व्होल्ट दाखवतो पण अर्धा अँपिअर ओढायला लागलं की बसतो आणि बहुतेक आयुष्य १.२ च्या आसपासच काढतो. निकेल मेटल हायड्राइड सेल, ज्याला आपण साधं रिचार्जेबल म्हणतो, तो लोडवर, म्हणजे बल्ब जळत असताना, १.२ ते १.२५ देतो आणि शेवटपर्यंत तिथेच टिकून राहतो, मग एकदम पडतो. त्यामुळे तीन सेलच्या बल्बला तीन रिचार्जेबल सेल अगदी मापाचे. पहिली पाच मिनिटं अल्कलाइन, म्हणजे विकतचे एकदाच वापरायचे सेल, थोडे जास्त पांढरे दिसतील, तासाभरानंतर रिचार्जेबल पुढे गेलेले असतील. एक मात्र खरं, की संपताना ते फारशी सूचना देत नाहीत, पिवळा होत होत मंद होणं वगैरे लाड नाहीत, त्यामुळे मळ्यात जाताना खिशात दुसरं काहीतरी असू द्या.

तारेच्या बल्बचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर उजेड १० टक्के नाही वाढत, साधारण ४० टक्के वाढतो, आणि आयुष्य जवळजवळ एक तृतीयांशावर येतं. उलट १० टक्के कमी केलं तर उजेड तीसेक टक्के घटतो पण बल्ब तिपटी-साडेतिपटीने जास्त जगतो. सेल बदलून बल्ब ‘चमकवायची’ सगळी हौस याच्यावरच चालते. शिवाय थंड तारेचा रेझिस्टन्स गरम तारेच्या साधारण दहाव्या हिस्स्याइतका असतो, म्हणून बटण दाबल्या दाबल्या क्षणभर भरपूर करंट जातो आणि बल्ब उडतो तो बहुतेक वेळा चालू करतानाच, तुम्हीही बघितलं असेल.

आता तुमचा १८६५० चा विचार. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. लिथियम आयन, पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६ ते ३.७, आणि ३ च्या खाली जाऊ देऊ नये. समजा एकच सेल टाकला, बाकी जागेत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा भरला आणि तुमचा तीन सेलचाच बल्ब ठेवला, तर ताज्या चार्जला त्याला ४.१ च्या आसपास मिळणार, म्हणजे ३.५७ पेक्षा १५ टक्के जास्त. उजेड दीडपटीच्या वर, एकदम पांढरा, तुम्ही खूश, आणि आयुष्य पाचव्या हिस्स्यावर. या बल्बचं आयुष्य मुळातच तासांत मोजायचं असतं. बरं म्हणून चार सेलचा पीआर१३ लावला तर त्याला व्होल्टेज कमी पडून उजेड निम्म्याच्या थोडा वर, पिवळट, आणि सेल उतरत जाईल तसा अजून पिवळा. एका लिथियम सेलला बरोब्बर बसणारा पीआर बल्ब या यादीत नाहीच. लोक मला म्हणतात तुम्ही काहीतरी जुगाड सांगा, पण बल्बच्या आकड्यांपुढे जुगाड चालत नाही.

दोन लिथियम लावायचे तर वेगळाच खेळ. हौशी लोक दोन १८६५० वर ६ व्होल्ट २० वॉटचा हॅलोजन लावतात, तो मायक्रोस्कोपचा बल्ब आहे, लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो, दोन पिनांचा बारका. त्याला लोडवर ७.४ च्या आसपास मिळतं, उजेड दुप्पट होतो, आयुष्य बाराव्या हिस्स्यावर येतं, करंट पावणेचार अँपिअरपर्यंत जातो. मी केलीय अशी टॉर्च, भिंतीवर प्रकाश पडला की अक्षरशः दुपार, रंग एलईडीला कधी जमणार नाही असा. पण त्यासाठी प्लास्टिकचा रिफ्लेक्टर काढून अ‍ॅल्युमिनियमचा, पुढे प्लास्टिकच्या जागी काच, सिरॅमिक होल्डर, बल्बला बोट लावायचं नाही नाहीतर बोटाचं तेल लागलेल्या जागी काच तडकते. आणि एवढं करून ३००० एमएएचच्या सेलवर पाऊण तास. माझी पहिली तर चौथ्या मिनिटाला रिफ्लेक्टर वितळून आत डोसा झाला होता. दिवाळीत पोरांना दाखवायला ठीक आहे, रात्री अडीच वाजता चिखलात ही नको.

एमएएच आणि अँपिअर. तुमच्याकडे विहीर आहे म्हणून त्याच भाषेत सांगतो. एमएएच म्हणजे विहिरीत पाणी किती, आणि सेल किती अँपिअर सोडू शकतो म्हणजे पाइप किती इंची. विहीर तुडुंब आहे पण पाइप अर्धा इंची, तर मोठी मोटर लावून काय उपयोग. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी घ्या, ३४०० च्या आसपास एमएएच, पण पाचेक अँपिअरच्या वर ताणायचा नाही. सॅमसंगचा ३०क्यू ३००० चाच पण १५ अँपिअर देतो. २१७०० साइझमध्ये (२१ मिलिमीटर जाड, ७० लांब) तर फरक अजून मोठा, सॅमसंग ५०ई ५००० एमएएच आणि दहाच्या आत, मोलिसेल पी४२ए ४२०० एमएएच आणि ४५ अँपिअर. चारही चांगले, कामं वेगळी. दहा वॉटचा एलईडी असेल तर तीन अँपिअरच्या आत काम भागतं, तिथे जास्त एमएएचवाला घ्या, जास्त वेळ चालेल. तीस वॉटचा एका सेलवर चालणारा टर्बोवाला (टर्बो म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोराचा उजेड) असेल तर नऊदहा अँपिअर लागतात, तिथे एनसीआर टाकलात की टर्बो दाबल्यावर दोन सेकंदांत टॉर्च स्वतःहून खाली येते किंवा बंद पडते आणि मग लोक टॉर्चला शिव्या घालत माझ्याकडे येतात.

उलटाही प्रकार होतो, तो कमी लोकांना माहीत असतो. काही टॉर्चमध्ये सेल आणि एलईडीच्या मध्ये करंट आवरणारं काही नसतंच, कमजोर सेल स्वतःच ब्रेक लावत असतो. तिथे जोरदार सेल टाकला की एलईडी निळसर व्हायला लागतो आणि थोड्या दिवसांत जातो. म्हणून टॉर्चबरोबरच्या कागदावर कुठला सेल लिहिलाय ते वाचा, तो कागद फेकू नका.

आणि ते ९९०० एमएएचचे. १८६५० च्या आकारात आजच्या घडीला नावाजलेल्या कंपन्यांचे सेल ३५००-३६०० च्या आसपास थांबतात. त्या डब्यात ९९०० मावूच शकत नाही. मी असे बरेच मोजलेत, काहींमध्ये हजारसुद्धा भरले नाहीत. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, तीस-पस्तीस भरला तर आत बारकं काहीतरी आहे. पैसे गेले ते गेले, पण अशा सेलमध्ये सुरक्षा म्हणून जे काही असायला हवं तेही नसण्याची शक्यता जास्त, ते मला जास्त बोचतं.

सुरक्षेवर थोडा थांबतो. सेल दोन प्रकारे मिळतो, नुसता आणि प्रोटेक्टेड. प्रोटेक्टेडच्या बुडाला छोटं सर्किट असतं, फार उतरला, फार चार्ज झाला किंवा शॉर्ट झाला तर तो तोडतो. त्या सर्किटमुळे आणि वरच्या उठावदार टोकामुळे तो ६५ चा ६८ ते ७० मिलिमीटर होतो, काही टॉर्चमध्ये झाकण मग लागत नाही. पहिल्यांदा लिथियम हाताळणाऱ्याने प्रोटेक्टेडच घ्यावा असं माझं ठाम मत आहे, अपवाद फक्त खूप करंटच्या टॉर्चचा कारण तिथे ते सर्किटच आधी तोडतं.

एकामागे एक दोन-तीन लिथियम सेल लावायची टॉर्च असेल तर सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच मॉडेलचे, कायम एकत्रच चार्ज केलेले आणि एकत्रच वापरलेले हवेत. बैलजोडीत एक थकलेला असला की दुसरा त्याला ओढत नेतो, तसं इथे होतं. कमजोर सेल आधी रिकामा होतो, ताजा सेल करंट ढकलतच राहतो आणि रिकाम्याचं व्होल्टेज उलटं जातं. मला हे पुस्तकातून नाही कळलं. २०१० च्या आसपासची गोष्ट, लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेला एक सेल आणि एक नवीन, असे दोन एका लांब टॉर्चमध्ये टाकून टेबलावर चालू ठेवली आणि चहा ठेवायला आत गेलो. फुस्स असा आवाज आला, मग धाडकन. मागचं झाकण समोरच्या भिंतीवर, टॉर्च कपाटाखाली आणि खोलीभर असा धूर की डोळे दोन दिवस चुरचुरत होते. बंद अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि आत गॅस, म्हणजे काय ते तुम्हीच समजा. हातात असती तर हे टाइप करायला बोटं असती की नाही माहीत नाही. तेव्हापासून माझ्या सेलवर मार्करने जोड्यांचे नंबर आहेत, १अ १ब असे, आणि एक गेला की दुसराही जोडीतून निवृत्त.

आता डी साइझचे रिचार्जेबल घेताना फसवणूक कुठे होते ते सांगतो, कारण तुमच्या टॉर्चला मी तेच सुचवणार आहे. पुष्कळ डी सेल हे नुसते कपडे घातलेले पेन्सिल सेल असतात, आत एए आणि भोवती रिकामं डबडं. एमएएच वाचा. खरा डी ८००० ते १०००० चा असतो आणि हातात जड लागतो, दीडशे ग्रॅमच्या आसपास. २५०० लिहिलेलं दिसलं तर तो पेन्सिल सेलच आहे. खरे तीन घेतले तर अर्ध्या अँपिअरच्या बल्बवर सोळा-सतरा तास कुठे गेले नाहीत, तुमचा रोजचा अर्धा तास धरला तर महिनाभर. महाग आहेत, खरं आहे, पण दर महिन्याच्या खर्चाशी ताडून बघा. ते परवडत नसतील तर चांगले एए घेऊन प्लास्टिकच्या कप्प्यात घाला, हे कप्पे मिळतात, चारेक तास चालतील आणि तेच सेल बाकी घरातही वापरता येतील. एए घेताना कमी गळणारे घ्या म्हणजे नुसते ठेवून उतरत नाहीत असे, सानयोने २००५ मध्ये एनेलूप नावाने आणले, आता तो ब्रँड पॅनासॉनिककडे आहे. जुन्या पद्धतीचे निकेल सेल महिनाभर ठेवले तर बरेच उतरलेले असायचे आणि त्यामुळेच लोकांच्या मनात रिचार्जेबल म्हणजे बेभरवशाचं असं बसलंय.

चार्जर मात्र सेलइतकाच विचार करून घ्या. दीडशे मिलिअँपिअर देणाऱ्या स्वस्त चार्जरला ९००० चा डी भरायला जवळजवळ तीन दिवस लागतील, लाइट न जाता. प्रत्येक सेलचा वेगळा कप्पा, भरल्यावर आपोआप थांबणारा, आणि डी बसेल एवढी जागा. लिथियमसाठी ४.२ ला थांबणारा हवा, निकेलचा चार्जर लिथियमला लावायचा नाही. दोन्ही करणारे येतात, सेल ओळखून. आणि लिथियम चार्जिंगला गादीवर ठेवून झोपायचं नाही, फरशीवर ठेवा, जागे असताना लावा.

मग तुम्ही म्हणाल मॅगलाइटमध्ये एलईडीचा बल्ब का नको. चालतो, पीआर बुडाचे मिळतात, फक्त दोन गोष्टी. एक, त्याच्यावर व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते त्यात तुमचे ३.६ व्होल्ट बसतात का बघा आणि सेल उलटे घालू नका, तारेच्या बल्बला अधिक-उणं कळत नाही पण एलईडीला कळतं. दुसरं, उष्णता. तारेचा बल्ब आपली बहुतेक उष्णता किरणांबरोबर पुढे फेकतो, एलईडीची मागे बुडात राहते आणि ती धातूच्या अंगात शिरून बाहेर जायला हवी. जुन्या टॉर्चमध्ये तो रस्ताच नाही, बल्ब प्लास्टिकच्या बुचात बसलेला असतो. म्हणून एक ते तीन वॉटच्या वरचे आकडे लिहिलेला घुसवायचा एलईडी बल्ब घेऊ नका, पाच मिनिटांत तापून मंदावतो. शिवाय मॅगलाइटचा रिफ्लेक्टर बारीक तारेसाठी घडवलाय, त्यात एलईडी नेमका त्या जागी बसला नाही तर फोकसच्या मधोमध काळं भोक दिसतं.

तर माझं म्हणणं असं, काकांच्या टॉर्चला तीन खरे डी रिचार्जेबल आणि तिचाच तीन सेलचा क्रिप्टॉन बल्ब (आत क्रिप्टॉन वायू भरलेला तारेचा बल्ब), बाकी काही हात लावू नका. आणि मळ्यासाठी वेगळी, एका २१७०० वर चालणारी एलईडी टॉर्च, प्रोटेक्टेड सेल, ५००० एमएएचवाला चालेल कारण तुम्हाला टर्बो नको, तीन-चारशे ल्युमेनवर तासन्‌तास हवंय. घेताना ल्युमेनपेक्षा, म्हणजे एकूण उजेडापेक्षा, कँडेला, म्हणजे झोत किती जोरदार ते, बघा. डब्यावर लिहिलेलं अंतर म्हणजे कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन, १०००० कँडेला असेल तर २०० मीटर, पण त्या अंतराला उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, त्यामुळे कामाचं अंतर निम्मं धरा. आणि रंग. सगळे पांढराशुभ्र मागतात, तुम्ही ४००० ते ५००० केल्विनचा (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा घ्या. निळसर उजेडात पाचोळा, माती आणि घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. ल्युमेन थोडे कमी मिळतील, मिळू दे.

दुकानात जायच्या आधी एक करा, मॅगलाइटचं मागचं झाकण उघडा. त्या झाकणाच्या आत स्प्रिंगपाशी कंपनीने एक जादा बल्ब ठेवलेला असतो, बऱ्याच जणांना वीस वर्षं माहीत नसतं. तो सापडला तर त्याचं बूड बघा, कडेचा गोल पत्रा आहे की नुसत्या दोन पिना, आणि फोटो टाका, मग नेमका नंबर सांगतो. आणि आत एखादा जुना सेल गळून नळीला चिकटलेला असेल तर हातोडीने ठोकू नका. अल्कलाइन सेल असेल तर तो पांढरा थर क्षाराचा असतो, पांढरं व्हिनेगर थोडं थोडं सोडून रात्रभर उभी ठेवा, सकाळी लाकडावर आपटली तर बहुधा सुटतो. मग पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण सुकवा आणि नवे डी सेल आत अडकल्याशिवाय सरकतात का ते आधी जुन्या सेलने तपासून बघा, गंजाने नळी आतून फुगली असेल तर ते बसणारच नाहीत आणि मग माझं वरचं अर्धं उत्तर बदलावं लागेल.